कोण गेलं?

ओसेन डोलमध्ये धडधाकट माणूस कधी पळत नाही. रस्त्यावरून कुणी पळताना दिसलंच, तर त्याचा अर्थ ठरलेला असतो: कुणीतरी गेलं, नाहीतर कुठेतरी पेटलं. त्यातही पळणारी बाई असेल आणि तिच्या डोक्याला काळा रुमाल असेल, तर आग नव्हे, मयतच. मग बायका पिठाच्या हातानंच फाटकाशी येतात आणि विचारतात, "कोण गेलं?" हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही. बल्गेरियातलं शंभरेक उंबऱ्यांचं डोंगरगाव, मोटारसुद्धा धापा टाकत वर चढते. इथं घाई करण्यासारखं दुसरं असतं तरी काय?

वेनेताही आयुष्यात एकदाच पळाली होती, आणि तेही तिला धड जमलं नव्हतं.

तो जुलै महिना होता. वरच्या अंगाला, तळ्याच्या मातीच्या बांधाच्याही पलीकडे, त्यांची आलुबुखाराची बाग. नवरा गाव्रिल शिडीवरून उतरला, छातीवर हात दाबून झाडाखाली बसला आणि म्हणाला, "जरा कंपाउंडरला बोलाव." फोन घरी खिडकीत राहिला होता. वेनेता तेव्हा छप्पन्न वर्षांची, वजन नव्वद किलो, सगळी उमर शर्टांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर गेलेली. गाव तीन किलोमीटर खाली. पहिल्या किलोमीटरलाच कुशीत अशी कळ आली, की ती वळणावरच्या दगडावर बसली. उठली, पळाली, आणि पुन्हा रस्त्याकडेच्या झऱ्याच्या कट्ट्यावर बसली. गावात शिरली तेव्हा फाटकाफाटकाशी बायका उभ्या. "कोण गेलं गं? कोण गेलं?"

"अजून कुणी नाही," ती म्हणाली. "कंपाउंडरला उठवा!"

गावातल्या मिंचोच्या जीपमधून परत वर पोचले तेव्हा गाव्रिल झाडाला टेकून बसलेला होता, टोपी गुडघ्यावर. कंपाउंडरनं त्याचं मनगट हातात धरलं, मग खाली ठेवलं, आणि बोलायला नको होतं ते बोलला: "दहा मिनिटं आधी आलो असतो तर काही करता आलं असतं."

संध्याकाळी वेनेतानं सासूला सगळं स्वतःच सांगितलं, बसल्याचंही. लपवायचा तिचा स्वभाव नव्हता. स्तामेना आजी तेव्हा त्र्याऐंशीची. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "दोनदा?"

"दोनदा."

त्यावर म्हातारी पुन्हा कधी त्या विषयावर बोलली नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना निदान उलट बोलता येतं. हे "दोनदा?" मात्र घरात तसंच राहिलं, जेवताना, भोपळी मिरच्या भाजताना, गावच्या रिवाजाप्रमाणे फाटकावर गाव्रिलचा फोटो छापलेला मृत्यूचा कागद दरवर्षी नव्यानं चिकटवताना. दोघी एका छपराखाली काळे रुमाल बांधून वावरत होत्या आणि मिठाशिवाय एकमेकींना काही मागत नव्हत्या.

वर्ष गेलं. वेनेताची मुलगी एमिलिया स्पेनमध्ये परक्यांच्या म्हाताऱ्यांची उस्तवार करते. तिनं जाड तळव्यांचे पांढरे बूट पाठवले आणि फोनवर दम भरला, "आई, रोज चालायचं. रक्तदाब बघ तुझा." वेनेता चालू लागली. वर बागेपर्यंत जायचं आणि परत यायचं. एकदा परतताना वळणावरचा तो दगड दिसला आणि तिच्या मनात आलं, बघू तरी, किती वेळ लागला असता. तिनं मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि पळायला लागली.

ती शिक्षा होती, दुसरं काही नाही. झाडापासून पळाली त्या पहिल्या दिवशी सदतीस मिनिटं, गाव्रिल गेला तेव्हा लागली असतील तेवढीच. रोज सकाळी बागेतल्या त्या झाडाला हात लावायचा, घड्याळ बघायचं आणि खाली पळायचं. गावाच्या पहिल्या घराशी पोचलं की हिशोब: आजही गाव्रिल मेला. आजही मेला. पस्तीस, बत्तीस, एकोणतीस. वजन उतरलं, कुशीतली कळ गेली, गाव्रिल मात्र रोज मरत होता. ऑक्टोबरातल्या एका सकाळी घड्याळात सव्वीस मिनिटं दिसली. अकरा कमी, कंपाउंडर म्हणाला होता त्या दहांपेक्षा एक जास्तच. वेनेता पहिल्या घराच्या भिंतीला टेकून इतकी मोठ्यानं रडली, की आतून योर्दाना धावत आली आणि विचारायचं तेच विचारलं, "कोण गेलं?"

"आज नाही गेलं," वेनेता हुंदके देत म्हणाली. योर्दानाला काही कळलं नाही, पण तिनं पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी वेनेता घड्याळ घरी ठेवून गेली. आणि त्या सकाळी, बांधावरून पळत असताना, पाण्यावर धुकं, कडेला रानबदकं, तिच्या लक्षात आलं की आपण काहीतरी गुणगुणतोय. तिला आनंद झाला होता. तिची तिलाच लाज वाटली, पण झाला होता खरा. पाय हलके, छाती मोकळी, कुणी वाट बघत नाही, कुणी मरत नाही. पुढच्या आठवड्यात तिनं रुमालही सोडला, कारण पळताना तो डोळ्यांवर यायचा. एमिलियानं पाठवलेलं लाल जाकीट घातलं.

गावानं ते मुकाट्यानं सोसलं असं मुळीच नाही. पहिला महिनाभर ती दिसली की फाटकं उघडायची, बायका छातीवर क्रूस काढायच्या. दुसऱ्याच आठवड्यात एक्क्याण्णव वर्षांचा गेंचो वारला. मग नाताळाच्या आधी चक्कीवाल्याची बहीण. लोकांना तेवढंच पुरलं. "ही वेनेता ज्याच्या दारावरून पळते त्याचा नंबर लागतो," असं सरपंच देल्चो दारूच्या दुकानात हसत म्हणाला. ऐकणारे मात्र हसले नाहीत. दोन बायकांनी अपशकुन टळावा म्हणून फाटकाला लाल दोरा बांधला. एकीनं तर तोंडावर सांगितलं, "बाई गं, आमच्या यजमानांचं ऑपरेशन होईस्तोवर तू वरच्या गल्लीनं जा."

घरात स्तामेना आजीच्या तोंडाचा पट्टा सुरू. "उघड्या डोक्यानं पळतेस? नवऱ्याचा कागद फाटकावर, आणि तू लाल घालून हुंदडतेस? कुणाला न्यायला निघालीस आता, मला?"

"तुम्ही कसल्या जाताय, आई. तुम्ही मला पोचवून जाल."

"तोंड बघा. जिथं पळायला हवं होतं तिथं..." म्हातारी तेवढ्यावर थांबली आणि चुलीतलं लाकूड उगाच सारखं करत बसली. वेनेतानं बुटांच्या नाड्या बांधल्या आणि बाहेर पडली. त्या दिवशी ती नेहमीपेक्षा लांब पळाली.

पण माणसाला कशाचीही सवय होते. दोन वर्षांत गाव रुळलं. फाटकं उघडायची बंद झाली. "वेनेता गेली, कॉफी ठेव," असं लोक म्हणू लागले. कुत्री भुंकेनाशी झाली. योर्दाना रोज खिडकीतून हात हलवायची आणि कधीमधी पाण्याचा पेला घेऊन दाराशी उभी राहायची. वेनेताला वाटलं, सुटले. तिथंच घात होता.

फेब्रुवारीत तिला बांधाच्या पायथ्याशी ताटाएवढा ओला डाग दिसला. बांध जुना, सामुदायिक शेतीच्या काळात मातीचा घातलेला. आता शहरातल्या कुणी तो मासे पाळायला घेतला होता, आणि मासे निसटू नयेत म्हणून जादा पाणी वाहून जायच्या वाटेवर बारीक जाळी ठोकली होती. जाळीत पालापाचोळा अडकून ती वाट पार तुंबली होती. बाकी गावाचा तिकडे पाय वळत नसे. रोज तिथून जाणारी वेनेता एकटीच. आठवड्यानं तो डाग खाटेएवढा झाला. मग एका सकाळी त्यात पाऊल ठेवल्यावर बूट घोट्यापर्यंत रुतला. वर पाणी काठोकाठ.

ती सरपंचाकडे गेली. देल्चो माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त खुर्चीतून उठायचा कंटाळा. "मातीचा बांध आहे, पाझरणारच. माझ्या आजोबांच्या वेळेपासून पाझरतोय."

"डाग वाढतोय. मी रोज बघते."

"रोज पळतेस ना, म्हणून. रक्त डोक्यात चढतं मग. बस जरा घरात, तो पण सुकेल."

ती पुन्हा गेली, तिसऱ्यांदाही गेली. तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला, त्याचं उत्तर आलं नाही. दारूच्या दुकानात मात्र "वेनेताचा बांध" हा विनोद झाला. कुणाच्या नळाचा वायसर गेला तरी लोक म्हणायचे, "पळा, वेनेताचा बांध फुटला!" ती हे ऐकायची आणि रोज सकाळी डाग बघायला जायची. पळण्यातली मजा आटली होती. झोपताना कानात पाण्याचा आवाज यायचा. त्यांचं घर खालच्या आळीत, ओढ्याला लागून.

मार्च लागला, सगळ्यांच्या मनगटांवर थंडी सरायचे लाल-पांढरे दोरे आले. डोंगरावर बर्फ होतं, त्यावर दोन दिवस ऊबदार पाऊस कोसळला. तिसऱ्या दिवशी सकाळी उघडीप होती. वेनेता बांधाजवळ पोचली तेव्हा पक्ष्यांचा आवाज नव्हता. डागाच्या मधोमध मनगटाएवढी धार लागली होती. आजवर झिरपायचं ते पाणी स्वच्छ असायचं. आजची धार गढूळ, पिवळी होती. म्हणजे बांध आतून वाहून चालला होता. ती बघत असतानाच धारेतून मुठीएवढा मातीचा गोळा बाहेर पडला आणि धार दंडाएवढी झाली.

ती वळली आणि पळाली. वळणावरचा दगड गेला, झरा गेला, ती कुठंच थांबली नाही. असं ती कधीच पळाली नव्हती. छातीत आग, तोंडात लोखंडाची चव. पहिलं घर योर्दानाचं. योर्दाना दारातच कपडे वाळत घालत होती.

"पाणी!" वेनेता ओरडली, म्हणजे जेवढा आवाज निघाला तेवढ्यात. "पाणी... पाणी!"

"अगं हो हो, आणते," म्हणत योर्दाना आत गेली आणि पेला भरून घेऊन आली. "एवढं ऊर फुटेस्तोवर पळायचं कशाला या वयात?"

वेनेतानं पेला झटकून टाकला. "बांध फुटतोय! वर चल, चर्चच्या टेकडीवर!"

योर्दाना फुटलेल्या पेल्याकडे बघत राहिली. "देल्चो म्हणाला होता तू एक दिवस अशी करशील म्हणून."

पुढच्या फाटकातून कुणी हात हलवला. त्याच्या पुढच्या घरातून हसत हाक आली, "काय गं, फुटला का तुझा?" दोन वर्षं ज्या रस्त्यानं तिनं लोकांना स्वतःची सवय लावली, त्याच रस्त्यानं ती जीव तोडून पळत होती, आणि खिडक्यांच्या आत माणसं शांतपणे कॉफी ठेवत होती. कुणी बाहेर आलं नाही. वेनेताला रडू फुटलं. तशीच ती घरात घुसली.

स्तामेना आजी खिडकीशी काठी घेऊन बसली होती. सुनेचा चेहरा बघून तिनं काठी बाजूला ठेवली. "बांध?"

"गढूळ पाणी येतंय, आई. कुणी उठत नाही. मी ओरडले, ते हसतायत."

"हसतीलच. तुझं पळणं त्यांना आता घड्याळासारखं झालंय." म्हातारीनं दोन्ही हात हनुवटीखाली नेले आणि रुमालाची गाठ सोडली. छत्तीस वर्षांच्या संसारात वेनेतानं सासूचं उघडं डोकं कधी बघितलं नव्हतं. पांढरे, विरळ केस, लहान मुलीसारखे मागे चापून बसवलेले. "हा घे, बांध डोक्याला. ते लाल काढ, माझा काळा कोट घाल. आणि ओरडू नकोस. ओरडलीस तर पुन्हा हसतील. नुसती पळ. विचारायला येऊ देत बाहेर."

"आणि तुम्ही?"

"माझे पाय काही पळून जात नाहीत. आधी त्यांना उठव, मग मला न्यायला ये."

काळा रुमाल, काळा कोट, आणि वेनेता दारातून बाहेर पडली. तोंडातून एक शब्द नाही. आणि फाटकं उघडली. आधी एक, मग तीन, मग सगळी आळी. योर्दाना ओल्या हातांनी धावत आली. मिंचो अर्ध्या दाढीला साबण लावलेला आला. देल्चो सरपंच पायजम्यावर कोट घालून आला. पिढ्यान् पिढ्यांची भीती, तिला विनोद ठाऊक नव्हता. सगळे तिच्या मागे पळू लागले आणि ती न थांबता चढावाच्या रस्त्यानं चर्चच्या टेकडीकडे निघाली.

"वेनेता! अगं सांग तरी! कोण गेलं?"

अर्ध्या चढावर ती वळली. "अजून कुणी नाही," ती म्हणाली.

तेवढ्यात वरच्या अंगानं आवाज आला, कडाड् कडाड्, ओढ्याकाठचे चिनार मोडल्याचा. मग मात्र कुणाला काही सांगावं लागलं नाही. देल्चोचा चेहरा राखेसारखा झाला. तो खाली वळून घराघरांत हाका मारत सुटला, त्याचं तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं. मिंचोनं जीप काढली आणि वरच्या टोकाचे दोन अंथरुणाला खिळलेले म्हातारे त्यात घातले. खालच्या आळीकडे पळाली ती एकटी वेनेता.

ओढा फाटकापर्यंत आला होता. स्तामेना आजी दारात उभी होती, उघड्या डोक्यानं, दोन्ही हातांनी चौकट धरून. वेनेता तिच्यासमोर पाठ करून वाकली. "चढा."

"कसली नाटकं. पडू दोघी."

"चढा म्हणते ना!"

म्हातारी पाठुंगळी बसली. वजन असं काही नव्हतंच, पण रस्ता उभा, आणि वेनेता त्या सकाळी बांधापासून जीव तोडून पळून आली होती. निम्म्या चढावर कुशीत ती जुनी कळ आली, बरोबर त्याच जागी. मागे खालच्या आळीत काहीतरी कोसळलं, कोंबड्या एकदाच ओरडल्या आणि गप्प झाल्या. वेनेताचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, आणि तो म्हातारीला ऐकू येत होता, कारण तिचं तोंड सुनेच्या कानाशी होतं.

"दम लागला तर बस गं," स्तामेना आजी हळूच म्हणाली. "बस जरा. मी काही म्हणणार नाही."

वेनेताला पुढचा रस्ता दिसेना, डोळे असे भरून आले. "नाही आई," ती म्हणाली आणि चढत राहिली.

माणूस एकही गेला नाही. खालच्या आळीतली नऊ घरं गेली, त्यात त्यांचंही. फाटक, फाटकावरचा गाव्रिलचा कागद, लाल जाकीट, सगळं. जुन्या शाळेत दोघींना एक खोली मिळाली. शहरातून माणसं आली, फोटो काढले, कागद भरून घेतले. देल्चो एकदा टोपी हातात घेऊन आला, बसला आणि गेला.

एप्रिलअखेर वेनेतानं पुन्हा बूट बांधले. बांध उरला नव्हता, मधे चिखलाचं खिंडार होतं, पण बाग होती. ती वर गेली, झाडाला हात लावला, आणि बऱ्याच दिवसांनी हलक्या पायांनी खाली आली. गावात शिरली आणि थबकली. सगळी फाटकं उघडी. योर्दाना दारात, हातात गाठोडं, पायात एकच चप्पल. मिंचोनं जीप चालू केलेली. कुणी ओरडत नव्हतं, सगळे नुसते तिच्या तोंडाकडे बघत होते.

"काही नाही," वेनेता म्हणाली. "काही नाही झालं." मग ती चालत खोलीवर गेली. दुसऱ्या दिवशी गेली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. बूट पलंगाखाली सरकवले. आठवडाभर ती खिडकीशी बसून राहिली, आणि स्तामेना आजी तिच्याकडे बघत राहिली.

"जात का नाहीस?"

"लोक घाबरतात, आई."

"हं," म्हातारी म्हणाली.

पुढच्या सोमवारी वेनेता उठली तेव्हा आजीची खाट रिकामी. बूट पलंगाखालून काढून दाराशी जोडीनं ठेवलेले. ती घाबरून बाहेर पडली. रस्त्याच्या तोंडाशी, सार्वजनिक नळापाशी, शाळेतल्या लाकडी खुर्चीवर स्तामेना आजी काठी घेऊन बसली होती. डोक्याला रुमाल नव्हता. तो तिनं पुन्हा बांधलाच नाही. वारं लागलं की बरं वाटतं म्हणायची.

"बघत काय राहिलीस? पळ," ती म्हणाली.

वेनेता वर गेली आणि पळत खाली आली. पहिलं फाटक करकरलं, योर्दानाचं डोकं बाहेर आलं. म्हातारीनं काठी आपटली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"कुणी गेलं नाही गं! आत जा, दूध उतू जाईल! माझी सून नुसती पळतेय, तिला बरं वाटतं म्हणून!"